मामाच्या ओळीची जागा

मोतीरामला एकाही गाण्याचे शब्द येत नाहीत. एकाही म्हणजे खरंच एकाही. रोह्याशेजारच्या वरशाच्या नितेशच्या बेंजो पार्टीत तो बेंजो वाजवतो, रोह्यापासून पेणपर्यंत कुठलीही हळद असू दे, लोक म्हणतात मोतीरामदादा आहे ना, मग झालं! आणि हा माणूस शेकडो गाणी बोटांत घेऊन फिरतो, तोंडात एक नाही. गाण्यांना त्याने स्वतःचीच नावं ठेवलीयत. एक चढणीचं. एक घसरगुंडीचं. एका गाण्यात मध्येच ढोलकी थांबते आणि सगळा मांडव ओरडतो, त्याचं नाव ठेच. नितेश कीबोर्डवरून विचारतो, "दादा, पुढचं?" आणि मोतीराम डोळे मिटून म्हणतो, "ठेच लाव." पार्टीतल्या सगळ्यांना कळतं, बाहेरच्याला वाटतं कोणाला तरी लागलंय.

एकदा तर नागोठण्याच्या बाजूला एका साखरपुड्यात त्याने इतकं गोड गाणं वाजवलं, इतकं जीव लावून वाजवलं की बायका गप्पच झाल्या. नंतर मुलीचा बाप तणतणत आला. त्या गाण्यात नवरी मांडवातून दुसऱ्याचा हात धरून पळून जाते म्हणे. मोतीराम म्हणाला, "मला काय माहीत? चाल तर सोन्यासारखी हाय!" नितेशने हातापाया पडून मिटवलं. गाडीत बसल्यावर सगळे हसून मेले, पण मोतीरामला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याचं चुकलं काय. गाणं म्हणजे चाल. शब्द काय, कोणीही बसवतो, उद्या दुसरे बसवेल.

आणि त्याची मोठी बहीण चिमा. ती बरोब्बर उलटी.

दोघं गागोद्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतले. आई गायची. शेतात लावणीला वाकलेली असो की वालाच्या शेंगा तोडत असो, तोंड बंद नसायचं. आई गेली तेव्हा घरात वाटून घेण्यासारखं काही नव्हतंच, पण दोन भावंडांनी तिचं गाणं मात्र वाटून घेतलं. चिमाने शब्द घेतले, मोतीरामने चाल घेतली. लहानपणी दोघं मोळी घेऊन उतरायचे तेव्हा चिमा पुढे गात असायची, चढी ओळ आली की तिचा दम तुटायचा, मग मागून मोतीराम नुसतं ऊंऊं करून ती ओळ वर न्यायचा आणि चिमा खाली उतरताना परत शब्द पकडायची. असं अर्धंअर्धं. तेव्हा त्यांना वाटायचं गाणं असंच असतं, दोन माणसांचं.

मोठेपणी चिमा वाडीची हळद गाणारी झाली. त्यांच्या वाडीतली हळद म्हणजे नुसतं फासायचं काम नाही. नवरी नाहीतर नवरा पाटावर बसतो, चिमा शेजारी बसते आणि एकेका माणसाचं नाव गाण्यात घेते. आत्याचं, काकीचं, मावशीचं. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं आणि हळद लावायची. नाव आल्याशिवाय कोणी उठत नाही, मग तो कितीही जवळचा असू दे. आणि सगळ्यात शेवटी मामा. मामाची ओळ वेगळी असते. चाल वर चढते, चढते आणि मग नावावर खाली येते:

उंच डोंगरावं गो, कोणाची हाक आली,
पाटावरची नवरी गो, कोणासाठी थांबली?

आणि मग मामाचं नाव. मामाने हळद लावून हाताला धरून उठवल्याशिवाय नवरी पाटावरून उठत नाही. विषय संपला.

मोतीराम मजुरीसाठी रोह्याकडे गेला. तिथे महिपती नावाच्या शेतकऱ्याकडे वाल काढायला होता, त्यांच्या ओटीवर जुना बेंजो लटकलेला असायचा. दुपारच्या सुट्टीत याने तो खाली घेतला आणि पहिल्यांदा काय वाजवलं असेल? तीच मामाची चढी ओळ. महिपती भाकरी खाता खाता थांबला आणि म्हणाला, "घेऊन जा रे बाबा, माझ्याकडं तो नुसता टांगलेला हाय." पुढे वरशाला नवीन बिल्डिंगा व्हायला लागल्या, मोतीराम गवंड्याच्या हाताखाली काम करायला लागला, तिथेच खोली घेतली, वैशालीशी लग्न केलं आणि लग्नसराईत नितेशच्या पार्टीत वाजवायला लागला.

भाऊ-बहीण भेटले की भांडण ठरलेलं. पण गोड भांडण.

"बाय, लोकांना शब्द नको असतात गो. कुठल्या कुठल्या भाषेतली गाणी वाजवतो आमी, एक अक्षर समजत नाय कोणाला, तरी म्हातारी पण नाचते!"

"पाय नाचतात रे मोत्या. पाय उठतात, माणूस उठत नाय. तुझ्या गाण्याला ना नाव ना गाव."

"आणि तुझं गाणं म्हंजे शाळेतली हजेरी!"

चिमा खोटंखोटं रागावून त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि पुढ्यात ताट वाढायची.

मग दिनेशची हळद आली आणि सगळं विस्कटलं.

दिनेश म्हणजे चिमाच्या नवऱ्याचा, दत्ताचा, पुतण्या. वाडीत पहिल्यांदाच बेंजो पार्टी आली होती आणि आणली होती मोतीरामने, केवढ्या हौसेने! दोन मोठे स्पीकर मांडवाच्या तोंडाशी. चिमा गायला बसली. नेहमीसारखी सावकाश, एकेक नाव घेत. पोरं कंटाळली, कोणीतरी शिट्टी मारली आणि मोतीरामला काय झालं कोणास ठाऊक, त्याला वाटलं बहिणीची फजिती होतेय, आपण जरा उचलून धरूया. त्याने तिच्याच चालीत बेंजो घातला. फुल आवाजात. मांडव उसळला! पोरं नाचायला लागली. आणि नेमकं तेव्हाच चिमाने दिनेशच्या आत्याचं, सरूआत्याचं नाव घेतलं होतं.

कोणाला ऐकूच गेलं नाही.

सरूआत्या दत्ताची मोठी बहीण. नवऱ्यामागे एकटी राहिलेली, दिनेशला लहानपणी कडेवर खेळवलेला. ती नवी साडी नेसून, केसात फूल घालून, हात मांडीवर ठेवून आपलं नाव यायची वाट बघत बसली होती. नावं संपली. दिनेश उठला. सरूआत्या पण उठली, आणि न जेवता घरी चालती झाली.

"मी घेतलं होतं नाव," चिमा सांगत सुटली. कोण ऐकणार? सगळी वाडी म्हणाली चिमा विसरली, नणंदेवर राग काढला. चिमाने मोतीरामकडे बघितलं. तो घामाने भिजलेला, खूश, त्याला काहीच माहीत नव्हतं, तो हसत म्हणाला, "बघ बाय, हजेरी घेत बसली असतीस तर लोक झोपले असते!"

चिमा म्हणाली, "माझ्या तोंडात तुझं नाव परत यायचं नाय."

आणि तिने पाळलं. त्यानंतर वाडीतल्या हळदींना लोक पार्टीच बोलवायला लागले, चिमाला कोणी बोलवेना. मोतीरामला खरं काय झालं ते नंतर दत्ताकडून कळलं. तो दोनदा वाडीत गेला. दोन्ही वेळेला चिमा मागच्या दाराने शेतावर निघून गेली. त्याने तरी काय करावं? त्याला बोलता कुठे येतं! त्याचं सगळं बोलणं त्या बेंजोत, आणि नेमका बेंजोच तिला नको.

यंदा वाल निघाले आणि पूजाचं लग्न ठरलं. पूजा म्हणजे चिमाची एकुलती एक. पेणला मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करते, नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटी आहे. मामाकडे अक्षता घेऊन जायची रीत असते. चिमा गेली नाही. वैशाली रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघायची. कोणी आलं नाही.

आला तो नितेश. मान खाजवत म्हणाला, "दादा, एक ऑर्डर हाय. गागोद्याच्या वाडीची. पूजाने स्वतः फोन केला होता. म्हणाली, बेंजो मोतीराममामाच वाजवणार असेल तर या, नायतर येऊ नका."

मोतीरामने बेंजोची पेटी खाली काढली आणि पुसायला घेतली.

वैशाली आतून म्हणाली, "आमंत्रण नाय आणि वाजवायला जाणार? भाचीच्या हळदीत भाड्यानं?"

"वाजवायला आमंत्रण नाय लागत. ऑर्डर लागते."

"जा मग. मी नाय येणार. मला बेंजो वाजवता येत नाय."

पण निघायच्या दिवशी त्याच्या बेंजोच्या पेटीवर एक पिशवी ठेवलेली होती. आत पिवळी साडी, हिरव्या बांगड्या. मामाने भाचीला द्यायची ती. मोतीरामने वैशालीकडे बघितलं तर ती भांडी आपटत म्हणाली, "दिली तर दिली, नायतर परत आण. मी नेसेन."

मांडवात पोचल्यावर टेम्पोतून सामान उतरवत होते तेव्हा चिमा समोर आली. किती बारीक झाली होती! केस पांढरे. मोतीराम टी-शर्टात, पाठीवर पार्टीचं नाव छापलेलं, हातात वायरींचा गुंता. तिने त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि ओरडून सांगितलं, "बेंजोवाल्यांना पाणी द्या रं कोणीतरी."

बेंजोवाल्यांना. तो हातातला वायरींचा गुंता सोडवायला लागला. दत्ताने घाईघाईने पाणी आणलं आणि हळूच म्हणाला, "राग मानू नको." मोतीराम म्हणाला, "थंड हाय पाणी, बरं वाटलं."

ऊन उतरलं तसं टेम्पोवरच वाजवणं सुरू झालं. चढणीचं झालं, घसरगुंडीचं झालं, ठेच तर तीनदा मागितलं लोकांनी. नवऱ्याकडची माणसं, वाडीतली पोरं, म्हाताऱ्या, सगळे नाचले. मोतीरामची बोटं त्यांची ती चालत होती, नजर मात्र एकाच जागी. मांडवाच्या पार शेवटच्या खांबाला टेकून सरूआत्या बसली होती. भावाच्या मुलीची हळद म्हणून आली होती, पण साधी साडी, केसात फूल नाही. नाव यायची तयारीच करून आली नव्हती ती.

मग पाट मांडला. पूजा बसली. चिमा तिच्या शेजारी बसली. आज तिला कोणी बोलवायची गरज नव्हती, स्वतःच्या मुलीची हळद होती. नितेशने माईक पुढे केला, तिने हाताने बाजूला सारला.

आणि ती गायला लागली. पण आवाज कुठे होता! इतके दिवस बंद ठेवलेला गळा, त्यात चार दिवसांची लग्नाची धावपळ. शब्द सगळे होते, एकही चुकला नाही, पण खरखर खरखर, रेडिओ नीट न लागल्यासारखे. पुढच्यांना ऐकू येत होतं. काकी उठली, मावशी उठली. मागे पोरांचा दंगा, खुर्च्या सरकवण्याचा आवाज. तिने आत्याची ओळ घेतली. सरूआत्याचं नाव घेतलं. पूर्ण, स्पष्ट, मोतीरामला ओठांवरून कळलं.

सरूआत्या हललीच नाही. पायाच्या बोटांकडे बघत बसून राहिली. तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

चिमाने बघितलं. तिला काय वाटलं असेल, आत्या मुद्दाम उठत नाही असंच ना? तिचा होता नव्हता तो आवाजही चिरला. तरी ती पुढे गेली, कारण आता मामाची ओळ होती आणि मामा म्हणून चुलतभाऊ प्रविण बाह्या वर करून आधीच उभा राहिला होता, बिचारा, त्याला सांगून ठेवलेलं. उंच डोंगरावं गो... आणि चाल चढायची तिथे चिमाचा दम तुटला. तिने परत घेतलं. परत तुटला. पूजाने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे बेंजो लावा रे! वऱ्हाड ताटकळलंय!"

नितेशने कीबोर्डवर हात ठेवले आणि मोतीरामकडे बघितलं. "दादा, वाजवायचं?"

मोतीरामने बेंजोच्या वायरीची पिन उपसून काढली. स्पीकरमधून फट्ट असा आवाज आला आणि सगळे दचकले.

तो बेंजो काखेत मारून टेम्पोवरून उतरला. दंगा करणाऱ्या पोरांमधून वाट काढत पाटापाशी आला आणि चिमापासून हातभर अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसला. वायरशिवाय बेंजोचा आवाज तो काय येणार, डबीतल्या माशीएवढा. पण त्यामुळे झालं काय, ऐकायचं तर गप्प बसावं लागतं. पुढचे गप्प झाले, मग मागचे, मग पोरं. त्याने नखीने हळूच ती ओळ सुरू केली, जिथे चिमाचा दम तुटला होता तिथून. वर नेली. आणखी वर. कोणासाठी थांबली, इथपर्यंत आली.

आणि तो थांबला.

नावाची जागा त्याने वाजवलीच नाही. रिकामी ठेवली.

आयुष्यभर त्याने नावाच्या जागाही वाजवल्या होत्या, टिंग टिंग करून भरून टाकल्या होत्या, त्याला कधी कळलंच नव्हतं की तिथे काहीतरी बसतं. आता त्याला त्या जागेची भीती वाटत होती. चिमा प्रविणचं नाव घेऊ शकत होती. घ्यायला मोकळी होती. त्याने मान वर केली नाही.

नाव आलं नाही.

त्याने परत वाजवलं. परत तिथेच थांबला. मांडवात पूजाच्या बांगड्यांचासुद्धा आवाज येत होता.

मग चिमाने नाव घेतलं. खरखरीत आवाजात, पण त्या शांततेत ते सगळ्या वाडीला ऐकू गेलं असेल.

"सरू आत्या आली गो, आत्या आली."

मामाच्या ओळीत! मामाच्या जागी आत्या! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, असं कधी झालंच नव्हतं. पण मोतीरामला कळलं. आधी तिचं. ज्याच्यामुळे तेव्हा तिचं नाव बुडालं होतं त्याच्याच चालीवर, आधी तिचं. त्याने मान हलवली आणि खालचा सूर हळूच दिला.

शेवटच्या खांबापाशी सरूआत्या उठली. तिला चालायला वेळ लागला, तेवढा वेळ मोतीराम तोच सूर देत राहिला. ती आली, हळदीत बोटं बुडवली, पूजाच्या गालाला लावली, मग तीच बोटं चिमाच्या गालाला पुसून म्हणाली, "ऐकलं हो. आता ऐकलं. एवढा गळा फाडू नको गो."

चिमा रडायलाच लागली. हसत हसत रडत होती.

प्रविण अजून उभाच. बाह्या वर. "मग मी बसू का?" त्याने विचारलं आणि मांडव हसला.

मोतीरामने तिसऱ्यांदा ओळ उचलली. एक पट्टी चुकलीसुद्धा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोंगर चढला. हाक आली. नवरी थांबली. आणि तो थांबला. जागा रिकामी.

चिमाने पदराने नाक पुसलं. त्याच्याकडे बघितलं, त्या टी-शर्टाकडे, मांडीवरच्या बिनवायरीच्या बेंजोकडे.

"मोत्या मामा आला गो," तिने गायलं, "उशिरानं आला, मेला, मामा आला."

मोतीराम नाही, मोत्या! आणि तो 'मेला' शब्द तर गाण्यात कधी नव्हताच, तो तिने तिथल्या तिथे बसवला होता आणि चालीत इतका चपखल बसला की बायकांनी लगेच उचलला, "उशिरानं आला, मेला, मामा आला," हसून हसून, परत परत. नितेश टेम्पोवरून ओरडला, "दादा, नाव घेतलंय, उठा की!" पण मोतीरामला उठताच येईना. मांडीवर बेंजो, डोळ्यांत पाणी, पायाला मुंग्या. शेवटी प्रविणनेच त्याला काखेत हात घालून उभं केलं.

त्याने हळद लावली. पूजाला हाताला धरून उठवलं. ती त्याच्या कानात म्हणाली, "मामा, मी पार्टीचे पैसे नाय देणार हं. तू तर घरचा निघालास." आणि त्याने पिशवी तिच्या हातात दिली.

मग चिमा त्याच्यासमोर आली. तिने त्याच्या टी-शर्टावर उडालेली हळद झटकली, ती आणखीच पसरली.

"वैशाली कुठाय? मामीशिवाय हळद होते काय?"

"आमंत्रण कुठं होतं?"

"आता देते ना. लाव फोन."

त्याने पिवळ्या बोटांनी फोन लावला. वैशालीने पहिल्या रिंगला उचलला. "घेतलं का नाव?"

"घेतलं."

"खरं? काय म्हणाली? कुठले शब्द होते, सांग ना!"

मोतीराम आठवायला लागला. खरंच मनापासून आठवायला लागला. डोंगर होता काहीतरी, हाक होती.

"माझं नाव होतं," तो म्हणाला. "पुढचं मागचं नाय आठवत गो."

पलीकडून एसटीचा हॉर्न आणि भेळवाल्याची हाळी ऐकू आली. "तू आहेस कुठं?" त्याने विचारलं.

"पेणच्या स्टँडवर. मघापासून. तू परत साडी घेऊन आला असतास तर तुझ्याबरोबरच घरी गेले असते. इथून रिक्षा मिळते का वाडीला?"

चिमाने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "तिथंच थांब. दत्ताला गाडी घेऊन पाठवते. आणि काय गो, नवी साडी नेसलीस ना? तुझं नाव घ्यायचंय अजून."

मोतीराम बेंजो घेऊन परत टेम्पोवर चढला. पिन लावली. पट्ट्यांवर बोटं ठेवली तशा पट्ट्या पिवळ्या झाल्या. नितेशने विचारलं, "दादा, पुढचं?"

"थांब जरा," मोतीराम म्हणाला. "मामी येऊ दे. तिच्या ओळीला जागा लागेल."